तुम्ही विचारलंत म्हणून: ॲलिसच्या घराण्याला खरंच शाप होता का?

डार्मस्टाटला लेकीकडे राहायला आल्यापासून पाहुणे फिरवायचं काम माझ्याकडे आहे. टेकडीवरचं सोनेरी घुमटांचं रशियन चर्च पाहिलं की लोक विचारतात, जर्मनीत हे कशाला? शेवटच्या झारची बायको अलिक्स ही इथल्याच हेसनच्या ग्रँड ड्यूकची मुलगी, सासुरवाडीला आल्यावर जावईबापूंना प्रार्थनेची सोय हवी म्हणून, असं मी सांगते. मग लगेच पुढचा प्रश्न येतो: "म्हणजे ते शापित घराणं ना हो?" सोबत फोनवर आलेली यादीही दाखवतात. एक मुलगा खिडकीतून पडून गेला, एक मुलगी घशाच्या रोगाने गेली, पाठोपाठ आई गेली, दोन मुलींचे रशियात खून झाले, आणि पुढच्या पिढीतली माणसं विमान अपघातात गेली.

यादी खरी आहे. शाप मात्र नाही. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, त्यामुळे रक्ताच्या आजाराला कोणी शाप म्हटलं की माझं डोकं फिरतं. शिवाय या शापाच्या नादात एका कर्तबगार बाईचा फक्त शेवट लोकांच्या लक्षात राहिला आहे.

ती बाई म्हणजे अलिक्सची आई, ॲलिस. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या नऊ मुलांमधली तिसरी, जन्म 25 एप्रिल 1843. घरात कोणी आजारी पडलं की उशाशी बसायचं ते ॲलिसनेच, हे लहान वयातच ठरून गेलेलं दिसतं. 1861च्या मार्चमध्ये आजी वारली, तिचं तिने केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वडील अंथरुणाला खिळले, त्यांचंही केलं. वडलांचं काही खरं नाही हे ओळखून आईला न विचारता तिनेच थोरल्या भावाला केंब्रिजहून तारेने बोलावून घेतलं. 14 डिसेंबरला अल्बर्ट गेले. राणीने स्वतःला कोंडून घेतल्यासारखं केलं, आणि मंत्र्यांचे निरोप आत-बाहेर करायचं काम अठरा वर्षांच्या या मुलीवर पडलं.

तिचं लग्न वडील असतानाच हेसनच्या लुडविगशी ठरलं होतं. ते 1 जुलै 1862 रोजी ऑझबर्न हाउसच्या जेवणाच्या खोलीत उरकलं. उरकलं असंच म्हणायला हवं. नवरीने विधीपुरता पांढरा पोशाख घातला, त्याच्या आधी आणि नंतर काळाच. खुद्द राणीने थोरल्या लेकीला लिहिलं की हे लग्नापेक्षा अंत्यविधीसारखंच वाटलं. पार्लमेंटने 30 हजार पौंड हुंडा आणि वर्षाला 6 हजार पौंड मंजूर केले होते. आकडा मोठा वाटतो, पण डार्मस्टाटमध्ये राजकन्येला शोभेल असा वाडा बांधण्यात हुंडा संपला आणि पुढे आयुष्यभर हात आखडताच राहिला. तो वाडाही आता नाही. 1944च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश विमानांनी एका रात्रीत शहर जाळलं, त्यात तोही गेला. त्या जागेवर आज थिएटर आहे.

मायलेकींचं फारसं पटत नसे. ॲलिस आपल्या मुलांना स्वतः अंगावर पाजायची. राजघराण्यातल्या बाईने असं करणं राणीला इतकं किळसवाणं वाटलं की बाल्मोरलच्या गोठ्यातल्या एका कालवडीचं नाव तिने 'प्रिन्सेस ॲलिस' ठेवायला लावलं. हा टोमणा मी कितीतरी बाळंतिणींना ऐकवला आहे. सगळ्या हसतात, आणि मग राणीला शिव्या घालतात.

1866चं साल मात्र या घराण्याची नाती समजायला सगळ्यांत उपयोगी. ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. हेसन ऑस्ट्रियाच्या बाजूला. ॲलिसची थोरली बहीण व्हिकी दिलेली प्रशियाच्या युवराजाला. म्हणजे एक साडू प्रशियाची फौज घेऊन निघालेला आणि दुसरा त्याच प्रशियाविरुद्ध घोडदळ घेऊन. ॲलिसला तिसऱ्या बाळाचे दिवस भरत आलेले. दोन्ही मुलींना तिने इंग्लंडला आजीकडे पाठवून दिलं आणि स्वतः इथेच थांबली. जुलैमध्ये मुलगी झाली, त्याच महिन्यात प्रशियाचं सैन्य शहरात शिरलं. मुलीचं नाव ठेवलं इरीन, ग्रीक भाषेत शांती. पुढे 1888 मध्ये याच इरीनने लग्न केलं ते व्हिकीच्या मुलाशी, म्हणजे सख्ख्या मावसभावाशी, आणि नांदायला गेली ती प्रशियात. पहिल्या महायुद्धात 'भावाभावांत युद्ध कसं झालं' असं लोक आश्चर्याने विचारतात. या घरात ते अर्धशतक आधीच होऊन गेलं होतं, आणि सोयरिकींनी ते थांबलं नव्हतं.

त्या युद्धात जखमींचे हाल तिने जवळून पाहिले. 1867 मध्ये तिने स्त्रियांची संस्था काढली, परिचारिकांना नीट शिकवून तयार करण्यासाठी. फ्लॉरेन्स नाइटिंगेलशी तिचा संपर्क होता. 1870 मध्ये फ्रान्सशी युद्ध झालं तेव्हा ही तयारी कामी आली. त्या वेळीही ती गरोदरच होती. तिच्या नावाचं हॉस्पिटल डार्मस्टाटमध्ये आजही चालू आहे. दाविद फ्रीडरिश श्ट्राउस या नास्तिक म्हणून बदनाम झालेल्या विद्वानाला ती घरी बोलवायची, आणि व्होल्टेअरवरची त्याची व्याख्यानं त्याच्याच तोंडून ऐकायची. ती छापली तेव्हा त्याने तिलाच अर्पण केली. सासरी-माहेरी त्याबद्दल नाकं मुरडली गेली असणारच.

आता रक्ताकडे येते.

1870च्या ऑक्टोबरमध्ये झालेला मुलगा फ्रीडरिश, घरात त्याला फ्रिटी म्हणत. 1873च्या फेब्रुवारीत त्याचा कान जरासा कापला आणि रक्त तीन दिवस थांबेना. ॲलिसला काय ते तेव्हाच कळलं असणार, कारण तिच्या धाकट्या भावाला, लिओपोल्डला, हेच होतं: हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. त्याच वर्षी 29 मे रोजी फ्रिटी आणि त्याचा मोठा भाऊ एर्न्स्ट आईच्या खोलीत खेळत होते. एर्न्स्ट दुसऱ्या खिडकीपाशी धावला, त्याला पाहायला फ्रिटी आपल्या खिडकीतून वाकला आणि सुमारे वीस फूट खाली पडला. अंगावर मोठी जखम नव्हती. पण मेंदूत रक्तस्राव झाला आणि तो त्याच दिवशी गेला, अडीच वर्षांचा.

इथे पाहुण्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, "नात्यात लग्नं करायचे ना, त्याचं हे फळ." नाही हो. नात्यातल्या लग्नांनी इतर काही आजार बळावतात, पण हिमोफिलियाचं गणित वेगळं. तो दोष एक्स गुणसूत्रावर असतो. बाईकडे एक्स दोन, त्यामुळे एक बिघडलेला असला तरी दुसरा बहुतेक वेळा निभावून नेतो. ती स्वतः ठणठणीत, पण वाहक. मुलाकडे एक्स एकच आणि तो आईकडून आलेला. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. नवरा सख्खा मावसभाऊ असो की परदेशातला कोणी अनोळखी, तो निरोगी असेल तर या हिशोबात काही फरक पडत नाही. ॲलिसच्या घरातच बघा. दोन मुलगे, त्यांपैकी फ्रिटीला आजार, एर्न्स्टला नाही. थोरली मुलगी व्हिक्टोरिया हिच्या वंशात आजाराचा मागमूस नाही. दुसरी मुलगी एला, तिला मूल झालं नाही. इरीन वाहक निघाली आणि अलिक्सही. इरीनच्या तीन मुलांपैकी दोघांना हिमोफिलिया. एक जण 1904 मध्ये चार वर्षांचा असताना पडण्याचं निमित्त होऊन गेला, दुसरा वाल्डेमार छप्पन्न वर्षं जगला आणि 1945च्या मे महिन्यात, युद्धाच्या धामधुमीत, रक्त मिळालं नाही म्हणून गेला. सख्खे भाऊ, दोष तोच. शाप असता तर एकाला बावन्न वर्षांची सवलत कशी मिळाली?

1878चं प्रकरण तर अनुवांशिकसुद्धा नव्हतं. तो साधा घटसर्प होता. साधा आज म्हणायचा, कारण आपल्या पोरांना दीड महिन्याची असल्यापासून लस टोचतात आणि आपण तो शब्दही विसरत चाललो आहोत. जिवाणूच्या विषाने घशात करडा-पांढरा पडदा धरतो, श्वास कोंडतो, आणि विष रक्तातून हृदयापर्यंत गेलं की पडदा सुटूनही माणूस दगावतो. 5 नोव्हेंबरच्या संध्याकाळी थोरल्या व्हिक्टोरियाची मान धरली. मग एकेक करत अलिक्स, धाकटी मे, इरीन, एर्न्स्ट आणि घरचा कर्ताही आडवा झाला. एला तेवढी बापाच्या आईकडे पाठवली म्हणून वाचली. राणीने लंडनहून स्वतःचा डॉक्टर धाडला. 16 नोव्हेंबरला चार वर्षांची मे गेली. बाकीचे हळूहळू उठून बसायला लागले. ते सारखे धाकटीला विचारत आणि ॲलिस काहीतरी सांगून वेळ मारून नेई. डिसेंबरच्या सुरुवातीला तिने एर्न्स्टला सांगितलं. दहा वर्षांचं पोर, आधी त्याला खरंच वाटेना, मग रडायला लागलं. जवळ घ्यायचं नाही हा डॉक्टरांचा दंडक मोडून तिने त्याची पापी घेतली. काही दिवसांत ती आजारी पडली आणि 14 डिसेंबरला गेली. वय 35.

त्या पापीचं ब्रिटनचा पंतप्रधान डिझरायली याने लॉर्ड्सच्या सभागृहात भाषण करून पार काव्य करून टाकलं, 'मृत्यूचं चुंबन' वगैरे. मला ते पटत नाही. जी बाई महिनाभर सहा रोग्यांच्या खोल्यांतून वावरली, तिला लागण कुठूनही झाली असेल. पापीला एकटीला आरोपी करायचं कारण नाही. घटसर्पाचं प्रतिविष शोधणारा बेहरिंग पुढे याच हेसनमधल्या मारबुर्गला प्राध्यापक झाला, आणि ते औषध 1894 मध्ये बाजारात आलं ते फ्रँकफुर्टजवळच्या हेक्स्टच्या कारखान्यातून, म्हणजे ॲलिसच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. सोळा वर्षं उशीर झाला, बस.

14 डिसेंबर हीच वडलांची तारीख, हा शापवाल्यांचा हुकमी पत्ता. पण त्याच तारखेला 1871 मध्ये काय झालं ते कोणी सांगत नाही. ॲलिसचा थोरला भाऊ बर्टी टायफॉइडने अगदी जातो की राहतो अशा अवस्थेत होता, त्याच्या उशाशीही ॲलिसच होती, आणि त्याच सुमारास तो मरणाच्या दारातून परतला. आणि 14 डिसेंबर 1895ला बर्टीला नातू झाला. पणजी काय म्हणेल या धास्तीने बाळाचं नाव अल्बर्ट ठेवलं. तोच पुढे सहावा जॉर्ज, भारताचा शेवटचा सम्राट. ॲलिसच्या नावाची बोट 1878च्या सप्टेंबरमध्ये थेम्समध्ये बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, तीही यादीत घालतात. तिच्यावर दुसरी मोठी बोट आदळली होती. नाव 'जॉन' असतं तरी बुडालीच असती.

पुढच्या पिढीचं थोडक्यात सांगते. थोरल्या व्हिक्टोरियाने 1884 मध्ये बॅटनबर्गच्या लुईशी लग्न केलं. त्याच रात्री तिच्या विधुर बापाने गुपचूप आपलंही लग्न उरकलं आणि सासूबाई, म्हणजे खुद्द राणी, गावातच असल्याने असा दणका बसला की ते मोडावं लागलं. या व्हिक्टोरियाचा धाकटा मुलगा म्हणजे आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन. ॲलिस त्यांची सख्खी आजी. 1917 मध्ये जर्मनांशी युद्ध चालू असताना बॅटनबर्गचं माउंटबॅटन झालं. व्हिक्टोरियाची मुलगी, आजीचंच नाव असलेली ॲलिस, जन्मतः बहिरी होती. दुसऱ्या महायुद्धात अथेन्समध्ये तिने एका ज्यू कुटुंबाला घरात लपवलं. तिचा मुलगा फिलिप, राणी एलिझाबेथचा नवरा. म्हणून माउंटबॅटन त्याचे मामा.

एला आणि अलिक्स रशियात पडल्या, आजीचा जीव त्या देशाला राजी नव्हता तरी. एलाच्या नवऱ्याला 1905 मध्ये बाँबने उडवलं. ती तुरुंगात मारेकऱ्याला भेटून आली, दागिने विकून मॉस्कोत मठ काढला आणि आईसारखीच रोग्यांचं करत राहिली. 1918च्या जुलैमध्ये आधी अलिक्सला कुटुंबासह गोळ्या घातल्या, दुसऱ्या दिवशी एलाला खाणीत ढकललं. याला शाप म्हणणाऱ्याने त्या वर्षी रशियात आणखी किती लोक मेले ते एकदा पाहावं. एर्न्स्टची बायको, मुलगा, गरोदर सून आणि नातवंडं 1937 मध्ये लंडनला लग्नाला निघाली होती. धुक्यात ऑस्टेंडजवळ विमान चिमणीला धडकलं. तारीख 16 नोव्हेंबर. हो, मे गेली तीच. धुक्याला कॅलेंडर कळत नाही.

अलिक्सच्या कुटुंबाला मारलं त्या येकातेरिनबुर्गजवळ 1991 मध्ये नऊ सांगाडे उकरून काढले. त्यांतला अलिक्सचा कोणता हे ठरवायला आईकडून लेकरांकडे जसाच्या तसा जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए हवा होता. ॲलिस, तिची मुलगी व्हिक्टोरिया, तिची मुलगी ॲलिस आणि तिचा मुलगा फिलिप, अशी सलग साखळी जिवंत होती. फिलिपने रक्त दिलं. 1993 मध्ये ब्रिटनच्या प्रयोगशाळेत ते एका बाईच्या आणि तिच्या तीन मुलींच्या हाडांशी जुळलं. 2009 मध्ये त्याच कुटुंबाच्या हाडांतून आजाराचंही नेमकं नाव निघालं: हिमोफिलिया बी, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या 'फॅक्टर नऊ' या प्रथिनातला दोष. रक्त थांबायला-गोठायला किती वेळ लागतो याच्या तपासण्यांत आमच्या लॅबमध्ये अशा रोग्याचा बीटी नॉर्मल, पीटी नॉर्मल आणि एपीटीटी तेवढा लांबलेला यायचा. तोच दोष अलिक्सच्या मुलाच्या, युवराज अलेक्सेईच्या हाडांत होता, वाहक म्हणून अलिक्सच्या, आणि तिच्या एका मुलीच्याही. ती मुलगी अनास्तासिया की मारिया, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.