तेर्नोपिलमधलं माझं शेवटचं वर्ष

युक्रेनमध्ये हवाई हल्ल्याचा सायरन वाजला की खिडकीशी जाऊन आकाशाकडे बघायचं नाही, दोन भिंतींच्या आड जायचं. पहिली भिंत स्फोटाचा जोर झेलते, दुसरी उडणाऱ्या काचा अडवते. हे मला आमच्या होस्टेलच्या कमेंडंट बाईंनी शिकवलं. कमेंडंट म्हणजे तिकडची वॉर्डन. सहाव्या मजल्यावरून दर वेळी तळघरापर्यंत पोचणं जमत नसे, तेव्हा मी आणि माझी नांदेडची रूममेट उश्या घेऊन कॉरिडॉरमध्ये बसायचो आणि मेडिसिनची उजळणी करायचो.

मी लातूर जिल्ह्यातली. 2017 मध्ये युक्रेनमधल्या तेर्नोपिलला एमबीबीएससाठी गेले. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाशी युद्ध सुरू झालं तेव्हा पाचव्या वर्षाला होते. शेहिनीच्या सीमेकडे जाणारा रस्ता गाड्यांनी भरला होता. आम्ही शेवटचे कितीतरी किलोमीटर बर्फातून चालत पोलंडला पोचलो आणि 'ऑपरेशन गंगा'च्या विमानानं घरी आलो. त्या आठवड्यांत सुमारे 22,500 भारतीय परतले. खारकिव्हला दुकानाच्या रांगेत उभा असलेला कर्नाटकचा एक विद्यार्थी मात्र परतला नाही. तोही आमच्यासारखाच शिकायला गेलेला, हे मला अजून विसरता येत नाही.

घरी सहा महिने ऑनलाइन तास झाले. पण मोबाईलवर बघून पोट तपासता येत नाही, आणि नुसत्या ऑनलाइन शिक्षणावरची पदवी इथे चालणार नव्हती. भारतातल्या कॉलेजांत सामावून घ्या, ही आमची मागणी मान्य झाली नाही. सप्टेंबरात राष्ट्रीय वैद्यक आयोगानं दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात उरलेलं शिक्षण घ्यायला हरकत नाही असं कळवलं. पण एका वर्षासाठी नवं विद्यापीठ, नवी फी, नवी भाषा? रुग्णाशी बोलण्यापुरती युक्रेनियन मला आता कुठे यायला लागली होती. मी परत जायचं ठरवलं. युक्रेनचं विमानतळ एकही चालू नव्हतं, म्हणून मोल्दोव्हाचा व्हिसा काढला. मुंबई, इस्तंबूल, किशिनाऊ असा प्रवास, आणि तिथून बसनं सीमा ओलांडून चेर्निव्त्सीमार्गे तेर्नोपिल. पप्पा विमानतळावर एवढंच म्हणाले, "रोज एक मेसेज कर, माय. नुसता टिंब टाकला तरी चालंल."

पोचून दोन आठवडेही झाले नव्हते, तोच 10 ऑक्टोबरला देशभर क्षेपणास्त्रं पडली. त्यात तेर्नोपिलही होतं. आता निशाणा वीजकेंद्रांवर होता. 19 तारखेला आपल्या दूतावासानं सगळ्या भारतीयांना युक्रेन सोडायला सांगितलं, 25 ला पुन्हा तेच. त्या आठवड्यात घरचे फोन घ्यायला मला भीती वाटायची. आईचं म्हणणं चूक नव्हतं. माझंही नव्हतं, असं मला आजही वाटतं. शेवटी पप्पांना सांगितलं की सर्जरीचं पोस्टिंग संपेपर्यंत थांबते. ते संपलं तेव्हा बालरोगाचं सांगितलं. ते वर्ष मी असं तीन-तीन आठवड्यांच्या तुकड्यांनी काढलं. पुढच्या जूनचा विचार एकदम केला असता तर मी परत आले असते.

15 नोव्हेंबरला संध्याकाळी जवळजवळ सगळं शहर अंधारात गेलं. 23 ला तर देशातली अणुवीजकेंद्रंही वीजजाळ्यापासून तुटली. पुढे वेळापत्रक आलं, चार तास लाईट आणि चार तास नाही. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या आम्हा मराठवाड्यातल्या पोरींना त्याचं फार वाटलं नाही. पण आपल्याकडे लाईट गेली की अंगणात येऊन बसता येतं. तिथे उणे तापमानात हीटर बंद पडायचा, पंप बंद म्हणून वरच्या मजल्यांना पाणी नसायचं आणि थोड्या वेळानं मोबाईलची रेंजही जायची. लाईट आली की पहाटेचे तीन वाजलेले असले तरी उठायचं, कुकर लावायचा, पाणी भरायचं, पॉवर बँक चार्जिंगला लावायच्या. "स्वित्लो ये?" म्हणजे "लाईट आहे का?" हा त्या हिवाळ्यात शेजाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न होता. येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी आईनं शेतातून भज्जी, आंबील दाखवायला व्हिडिओ कॉल केला तेव्हा माझ्याकडे रेंज नव्हती. कॉल लागला दुसऱ्या दिवशी. कमेंडंट बाईंनी मात्र नाताळला आम्हाला कुत्या खाऊ घातली: अख्खे गहू, खसखस, मध. मी त्यांना म्हटलं, ही तर आमची गव्हाची खीर. त्यांचा मुलगा तेव्हा आघाडीवर, बाखमूतच्या बाजूला होता. ताटं मांडताना त्यांनी एक त्याच्या नावाचं मांडलं होतं.

हॉस्पिटलमध्ये जाताना रोज नऊ वाजता शहर एक मिनिट थांबायचं. मेलेल्यांसाठीचं ते मौन मार्च 2022 पासून देशभर पाळलं जातं. कधी आघाडीवरून सैनिकाचं पार्थिव यायचं, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक गुडघे टेकायचे. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या बायकाही बर्फात गुडघ्यांवर बसायच्या. पहिल्यांदा मला कळेना की आपण काय करावं. मग मीही बसले.

सर्जरीच्या वॉर्डात माझ्याच वयाचा एक सैनिक होता, एक पाय गुडघ्याखालून गेलेला. मी त्याची हिस्ट्री, म्हणजे दुखण्याची माहिती, घेत होते आणि माझं व्याकरण तो दुरुस्त करत होता. त्यानं विचारलं, "तू घरी का जात नाहीस?" मी म्हटलं, अभ्यास आहे. पण माझ्या दप्तरात पासपोर्ट होता आणि मला वाटेल त्या दिवशी जाता येत होतं. त्याला, बाईंना, त्यांच्या मुलाला तसं जाता येत नव्हतं. सायरनपेक्षा ही गोष्ट मला जास्त टोचत राहिली. आज कुणी मला धाडसी म्हटलं की मी ते नाकारते, ते यामुळेच.

13 मे 2023 च्या रात्री लिव्हरपूलला युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. युक्रेनकडून गाणारी 'त्वोर्ची' ही जोडी तेर्नोपिलचीच, आणि त्यांचा गायक आमच्यासारखाच परदेशातून, नायजेरियाहून, इथे फार्मसी शिकायला आलेला. म्हणून सगळं होस्टेल मोबाईलला चिकटलं होतं. ते स्टेजवर यायच्या सुमारास शहरात स्फोट झाले. गोदामं पेटली, माणसं जखमी झाली. आम्ही तळघरात होतो. बाई पायरीवर बसून मुलाचा नंबर लावत होत्या, म्हणजे आपण ठीक आहोत हे त्याला कळवायला.

जूनमध्ये पदवी हातात आली. निघताना कुकर बाईंना दिला आणि शिट्ट्या कशा मोजायच्या ते शिकवलं.

पुढे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीची भारतातली परीक्षा पास झाले आणि सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप सुरू झाली. एका रात्रपाळीला बाईंचा मेसेज आला. सोबत एक्स-रे होता. मुलगा परतला होता, उजवा हात जायबंदी होऊन. बोटं पूर्ण मिटत नव्हती. सकाळी हाडांच्या वॉर्डातल्या सरांना फोटो दाखवला. तिथल्या डॉक्टरांना विचारूनच करायचे असं बजावून त्यांनी चार व्यायाम सांगितले, ते मी युक्रेनियनमध्ये लिहायला बसले. एकाच शब्दाला अडले आणि जुन्या वहीत शोधला. मनगटाला तिकडे 'झाप्यास्त्या' म्हणतात.