नववी 'क'च्या चिठ्ठ्या

भांडुपच्या आमच्या शाळेत दुपार अधिवेशनाची पर्यवेक्षक म्हणजे बदली तासांची वही सांभाळणारी बाई. कोण रजेवर, कोण निवडणुकीच्या कामावर, कुणाचा तास कुणाच्या गळ्यात मारायचा. त्यातून वेळ उरला तर माझं मराठी. अशाच एका बदली तासाला नववी 'क'ला सांगितलं, शिक्षक वर्गात कसे वागतात ते लिहा, नाव घालू नका.

मला वाटलं, छडी येणार. शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने मारायला आणि मानसिक छळालाही बंदी आहे, पण तो कायदा आठवीपर्यंतचा. नववीच्या मुलांना हे चवीने ऐकवणारेही आमच्यात आहेत.

माराबद्दल फारसं कुणी लिहिलंच नव्हतं. 'प्रश्न पहिल्या दोन बाकांनाच.' 'वही देत नाहीत, फेकतात.' 'क तुकडीचं काय होणार, असं म्हणून मग शिकवायला लागतात.' ज्यांच्या आवाजाने जिनासुद्धा गप्प होतो त्या गणिताच्या सरांबद्दल, 'ओरडतात, पण सगळ्यांवर सारखे.' आणि कधीच आवाज न चढवणाऱ्या, आम्हा सगळ्यांच्या लाडक्या बाईंबद्दल, 'बाई चांगल्या आहेत. मला वर्षभरात एकदाही उभं केलं नाही.' हे आभार की गाऱ्हाणं, मला अजून ठरवता येत नाही.

स्टाफरूममध्ये सगळ्यांना चिठ्ठ्या बघायच्या होत्या. दिल्या नाहीत. वर्षभर वह्या तपासणाऱ्याला निनावी काही नसतं. 'श'ची गाठ, 'र'ची शेपटी, वेलांटी पहिली की दुसरी, एवढ्यावर मीच निम्मी मुलं ओळखली होती. त्यात भाषा-गणिताचे 20-20 अंतर्गत गुण याच शिक्षकांच्या हातात.

म्हणून घरी बसून सगळं टाइप केलं, शुद्धलेखन सुधारून, कारण चुकांवरूनही मूल ओळखू येतं. मुख्याध्यापकांनी वाचून चष्मा काढला. "मॅडम, इतकं शुद्ध मराठी? नववी 'क'चं? हे तुम्हीच लिहिलंय."

मूळ चिठ्ठ्या दाखवाव्यात तर मुलं उघडी पडतात, न दाखवाव्यात तर सगळ्या तक्रारी माझ्या नावावर. बाईंशी अजून बोलले नाही. गणिताच्या सरांना मात्र त्यांची ओळ वाचून दाखवली, म्हटलं, खूश होतील.

"कोणी लिहिलं?" सर म्हणाले. "अक्षर दाखवा, लगेच सांगतो."