तुम्ही विचारलंत म्हणून: परत शेक घेणार का?

यंदा गड्ड्याच्या यात्रेत भेटलेल्या जुन्या विद्यार्थिनींनी विचारलं, लक्ष्मी मार्केटात भाजीवालीनं विचारलं, आणि अक्का तर दर आठवड्याला फोनवर विचारते: "परत शेक घेणार म्हणे? एकदा झालाय ना तुझा?" प्रत्येकीला उभ्या उभ्या काहीतरी सांगितलं आणि घरी आल्यावर अर्धवटच सांगितल्याची रुखरुख लागली. म्हणून एकदा बसून लिहिते.

शेक म्हणजे कॅन्सरवर देतात ते रेडिएशन, किरणांचा उपचार. आपल्याकडचा रुळलेला शब्द. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, त्यामुळे आपल्या सोलापूर जिल्ह्यात खेड्यापाड्यांतही तो माहीत आहे. कुणी लाईट म्हणतं, कुणी करंट. पण मी ३१ वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं, आणि मला या शब्दाची भीती वाटते. शेक म्हटलं की ऊब आली, आणि ऊब आली की ती निवतेही. "सात-आठ वर्षं झाली, आता काय राहिलंय त्याचं?" असं लोक म्हणतात ते त्यामुळेच.

रेडिएशन ग्रे या एककात मोजतात. शरीराच्या एक किलो भागात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की तो एक ग्रे. मला सुचवलेला डोस २४ ग्रेचा आहे. फळ्यावर सोडवायचे तसं गणित मी पाठकोऱ्या कागदावर मांडलं. एवढ्या ऊर्जेनं त्या जागेचं तापमान एका अंशाच्या शंभराव्या भागाएवढंही वाढत नाही. एप्रिलमध्ये भर दुपारी सात रस्ता चौकात सिग्नलला थांबलं तरी अंग त्याहून जास्त तापतं. किरणं तापवत नाहीत, पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. ज्या पेशीला ते सांधता येत नाहीत, ती मरते. निरोगी पेशी पुष्कळसं सांधून घेतात, पण सगळं नाही. जे राहतं ते त्या जागी वर्षानुवर्षं राहतं.

२०१७ साली माझ्या डाव्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो, मग रोज २ ग्रे असे २५ दिवस रेडिएशन. गेल्या दिवाळीत दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखायला लागलं. फराळ करताना पाट्यासमोर बसून दुखत असेल, असं समजून महिनाभर बाम चोळला. कॅन्सर अंगात कुठे कुठे आहे ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये छातीच्या तिसऱ्या मणक्यात एक ठिपका निघाला. बाकी कुठे काही नाही. परत आलेला आजार पहिल्यासारखाच असतो असं धरून चालत नाही, म्हणून त्या हाडाची बायोप्सी केली, म्हणजे बारीक तुकडा काढून तपासला, आणि त्यावरून गोळ्या-इंजेक्शनं बदलली. ते औषध अंगभर फिरतं. प्रश्न उरला त्या मणक्याचा.

यावेळचं रेडिएशन २५ दिवसांचं नाही, दोनच दिवसांचं आहे. पातळ किरणं अनेक दिशांनी येतात, वाटेतल्या भागाला थोडं थोडं लागतं, आणि सगळी मिळून मणक्यात एकवटतात. मणक्याच्या मागेच मज्जारज्जू आहे, त्यामुळे मणक्याबाहेर काही मिलिमीटरमध्येच डोस एकदम कमी झाला पाहिजे. तेवढा वेळ मी जराही हलता कामा नये. पुण्याच्या डॉक्टरांच्या खोलीत त्यासाठीच्या मास्कचा नमुना होता, तो मी हातात घेऊन बघितला. भोकाभोकांचा पांढरा प्लास्टिकचा पत्रा. गरम पाण्यात टाकला की मऊ पडतो, मग चेहऱ्यावर आणि खांद्यांवर ताणून बसवतात. काही मिनिटांत तुमच्या हनुवटीचा, नाकाचा, गळ्याच्या हाडाचा आकार घेऊन तो कडक होतो. या सगळ्यात ऊब अशी फक्त त्या मास्कचीच.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मागितला तो जुन्या रेडिएशनचा प्लॅन. माझ्याकडे होता एक डिस्चार्जचा कागद, त्यावर एक ओळ: '५० ग्रे, २५ सिटिंग'. किरणं कुठून कुठवर गेली, हे त्यात कुठेच नव्हतं. ज्या सेंटरला तेव्हा उपचार घेतले तिथे दोनदा गेले. कॉम्प्युटर बदललेत, जुनं काही मिळणार नाही, असं सांगितलं. मला फार राग आला. ते कागद त्यांचे नव्हते, माझ्या शरीराचे होते. तिसऱ्यांदा भाचा सोबत आला, लेखी अर्ज दिला, आणि कपाटातून एक सीडी निघाली. ती बघितल्यावर कळलं की गळ्याच्या हाडाजवळ दिलेल्या किरणांची कड याच मणक्याच्या डाव्या बाजूला लागून गेली होती. मज्जारज्जूला तेव्हा मिळालेला डोस धरून नवं गणित मांडावं लागलं. ती सीडी मिळाली नसती तर अंदाजानं मांडलं असतं. उपचार संपलेल्या प्रत्येकीला मी हात जोडून सांगते, त्याच आठवड्यात पूर्ण प्लॅन मागून घ्या आणि रेशनकार्डासोबत ठेवा.

आता अक्काचा खरा प्रश्न. यानं बरं वाटेल का? डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्तनाचा कॅन्सर मोजक्याच ठिकाणी पसरलेल्या १२५ रुग्णांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली जाहीर झाले. औषधांच्या जोडीला असं नेमकं रेडिएशन दिल्यानं आयुष्य वाढल्याचं त्यात दिसलं नाही. हे ऐकून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. पण मणक्याच्या दुखण्याचा दुसरा अभ्यास आहे, २२९ रुग्णांचा. दोन दिवसांत २४ ग्रे घेतलेल्यांपैकी ३५ टक्क्यांचं दुखणं तीन महिन्यांनी पूर्ण थांबलं होतं, नेहमीच्या पद्धतीनं पाच दिवसांत २० ग्रे घेतलेल्यांपैकी १४ टक्क्यांचं. पहिले काही दिवस दुखणं उलट वाढू शकतं. मणका पुढे दबूही शकतो. तेही मला सांगितलंय.

म्हणजे मी हे बरी होण्यासाठी घेत नाहीये. रात्री कुशीवर वळता यावं, आणि तो ठिपका मज्जारज्जूपर्यंत पोचून पायातली ताकद जाऊ नये, एवढ्यासाठी घेतेय. माझ्या पायांनी सिद्धेश्वराच्या तळ्याला फेरी मारता येणं मला फार मोलाचं वाटतं.

अक्का, येत्या सोमवारी मास्क बनवायला बोलावलंय. सकाळची पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस धरायची. तू येणार असशील तर आजच सांग, दोन तिकिटं काढते.