एपिसोडवाले गेम: लगेच खेळायचे की थांबायचं?

काही गेम एकदम न येता भागाभागांनी येतात; असे गेम मी तरी पहिला भाग आला की लगेच खेळतो, आणि त्याचं कारण म्हणजे दोन भागांमधला वेळ. लाइफ इज स्ट्रेंजचे पाच एपिसोड २०१५ मध्ये जानेवारी ते ऑक्टोबर असे आले, दुसऱ्याच्या शेवटी गच्चीवरचा तो सीन आहे ना, एक मुलगी जीव द्यायला उभी असते, तिला वाचवता येतं की नाही हे तिथे आपण काय बोलतो, आधी तिच्याशी कसं वागलो, तिच्या खोलीत काय काय पाहिलं यावर ठरतं, आणि मग पुढचा भाग येईपर्यंत तो निर्णय डोक्यात घोळत राहतो. सगळे भाग एकदम हातात असले की आपण लगेच पुढे जातो, ती हुरहुर उरतच नाही.

पण थांबणाऱ्यांचंही पटतं मला. केंटकी रूट झीरोचा पहिला अंक २०१३ ला आला आणि पाचवा थेट २०२० ला! एवढ्या वर्षांत आधीचं काय आठवणार? हाफ-लाइफ २ चा एपिसोड टू २००७ ला आला, तिसरा आलाच नाही, गोष्ट तशीच अर्धवट लटकलेली, याचं मला अजून खरंच वाईट वाटतं.

त्यामुळे दोन भागांत एक-दोन महिन्यांचं अंतर असेल तर मी पहिल्या दिवशीच सुरू करणार, तारखाच दिलेल्या नसतील तर मात्र पूर्ण सीझन येईपर्यंत हात लावणार नाही.