हिरवा असला तरी पुकारायचं

डाव सात चालींत संपला. काकांनी टॅब मांडीवर उलटा ठेवला आणि खिडकीकडे बघत बसले. बाहेर अजनीच्या बाजूनं इंजिनाचा भोंगा ऐकू येत होता. आत काकू तर्री-पोह्यांच्या बशा घेऊन आल्या होत्या, त्यांनाही काय बोलावं ते कळेना.

मी नागपुरात बुद्धिबळ शिकवते. शिकवणी बहुतेक ऑनलाइनच असते. त्या रविवारी मात्र मी मुद्दाम काकांच्या घरी गेले होते, कारण दोन महिने शिकवूनही त्यांचा खेळ जागचा हलत नव्हता आणि चूक कुठं होते आहे ते मला स्क्रीनवरून दिसत नव्हतं.

काका माझ्याकडे कसे आले ते आधी सांगते. २८ जुलै २०२५ ला आपल्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वोच्च किताबही मिळवला, वय १९. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे नागपूरचेच ग्रँडमास्टर आधीपासून होते, पण त्या आठवड्यात माझा फोन जसा वाजला तसा पूर्वी कधीच वाजला नव्हता. सगळे आईबाप सहा-सात वर्षांच्या पोरांसाठी विचारत होते. त्यात हा एक आवाज आला : "मॅडम, वयाची काही अट आहे काय जी?" चार वर्षांपूर्वी रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर रात्रीच्या ड्युट्या केल्यामुळे रात्री दोनला जाग येते ती येतेच, मग मोबाइलवर डाव मांडायचा. मोहरी कशी चालतात ते लहानपणापासून माहीत होतं. रेटिंग सहाशेच्या आसपास, म्हणजे नवशिक्याचं.

मी त्यांना सगळं रीतसर शिकवलं होतं. सुरुवातीच्या चाली, मधली घरं ताब्यात घेणं, घोडे-उंट बाहेर काढणं, लवकर किल्लेकोट करणं, म्हणजे राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेणं. हत्तीचे पाच, वजिराचे नऊ हा हिशेब. रोज दहा कोडीही देत होते. आणि गोंधळ इथंच होता. कोडी ते छान सोडवत. दोन चालींत मात, घोड्याचा दुहेरी मार, सगळं त्यांना दिसायचं. मग डावात तोच घोडा त्यांचा वजीर घेऊन जायचा. मी मनात वयाला दोष देऊन मोकळी झाले होते, हे मला कबूल करायला हवं. तसं करणं चूक होतं आणि त्या माणसावर अन्यायही होता.

त्या सकाळी मी त्यांच्या मागं खुर्ची टाकून बसले. एकच अट घातली, डाव चालू असताना मी एक अक्षर बोलणार नाही. चालू डावात बाहेरच्याची मदत घेणं ही सरळ फसवणूक आहे, मग मदत इंजिनाची, म्हणजे चाली सुचवणाऱ्या संगणक-प्रोग्रामची असो, की मास्तरीणबाईंची. मी फक्त त्यांच्या डोळ्यांकडे आणि बोटाकडे बघणार होते.

टॅबवर ऑनलाइन डाव, काका पांढऱ्याकडून. (पटावरच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या एक ते आठ, त्यावरून घराचं नाव.) राजासमोरचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट सी-४ वर. इथवर मी शिकवलेलंच. समोरच्यानं तिसऱ्या चालीला आपला बाहेर काढलेला घोडा परत उचलून थेट डी-४ वर आणून ठेवला. ही चाल चांगली नाही. तोच घोडा दोनदा हलवला, आणि काकांनी तो आपल्या घोड्यानं मारला असता तर पांढऱ्याचं छान चाललं असतं. पण तो घोडा हलल्यामुळे ई-५ चं प्यादं उघडं पडलं होतं. काकांचं बोट सरळ तिकडे गेलं. घोड्यानं प्यादं घेतलं. लगेच काळा वजीर जी-५ वर, एका बाजूला घोड्यावर नजर, दुसऱ्या बाजूला जी-२ च्या प्याद्यावर. काकांना दिसला तो एफ-७ वरचा दुहेरी मार, वजीर आणि हत्ती दोन्ही एकदम. घोडा तिथं पडला. वजिरानं जी-२ घेतलं, काकांनी हत्ती वाचवायला एफ-१ वर सरकवला, वजिरानं ई-४ चं प्यादं मारून शह दिला, काकांनी उंट ई-२ वर आडवा घातला, आणि तिसऱ्या चालीपासून डी-४ वर बसलेला तो घोडा एफ-३ वर आला. मात. राजाला स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेलं, आणि उंट वजिरासमोर जखडलेला, हलला तर राजा उघडा, म्हणून घोड्याला मारता येईना. हा फार जुना सापळा आहे, नवशिके त्यात नेहमी सापडतात.

"मले वाटलं प्यादं फुकटात भेटून राह्यलं," काका म्हणाले.

पण मला सापळ्यापेक्षा दुसरंच काही दिसलं होतं. समोरच्याची चाल पडली की काकांचे डोळे तिकडे जातच नव्हते. ते आपल्या मोहऱ्यांवरच असायचे, मघाशी योजलेल्या चालीवर. सातपैकी एकाही चालीला त्यांना पाच सेकंदांच्या वर लागले नाहीत. आणि मग कोड्यांचं गणितही उलगडलं. कोड्यात कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की बाबा, इथं काहीतरी आहे, शोध. डावात असं कुणी सांगत नाही. जे काही सांगायचं ते समोरच्याची चालच सांगते, आणि काका ती ऐकत नव्हते.

आता हे समजावायचं कसं? "समोरच्याची चाल बघा" हे वाक्य मी दोन महिन्यांत पन्नासदा तरी बोलले असेन. ते मान डोलवायचे, मनापासून डोलवायचे. पोहे खाता खाता मी सहज विचारलं, "काका, इंजिनात असताना सिग्नल चुकला असं कधी झालं?"

त्यांना ते आवडलं नाही. बशी खाली ठेवली.

"सिग्नल चुकत नसते, मॅडम. सांगतो ना तुमाले. आमी दोघं असतो. सिग्नल दिसला की असिस्टंट मोठ्यानं पुकारते, मी परत पुकारतो. डबल यलो म्हणजे पुढचा सिग्नल जपून ओलांडायचा. यलो म्हणजे पुढच्यावर थांबायची तयारी ठेवायची."

"आणि हिरवा असला तर?"

"हिरवा असला तरी पुकारायचं. काहून का रोज हिरवाच दिसते ना तिथं, म्हणून डोळ्याले हिरवाच दिसू लागते. तोंडानं बोललं की मंग डोळा खरं पाह्यते."

मी पटकन टॅब सरळ केला. संपलेला डाव मागं नेऊन तिसऱ्या चालीवर थांबवला. त्यांच्या ॲपवर समोरच्याची चाल झाली की मोहरं जिथून निघालं ते घर आणि जिथं पोचलं ते घर, दोन्ही पिवळी होतात. सी-६ पिवळं, डी-४ पिवळं. मी काही बोलायच्या आतच काका पुढं वाकले.

"हे तं डबल यलो आहे," ते हळूच म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, थांबा म्हणून.

नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ आद्रियान दे ग्रोट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुद्धिबळपटूंना पट दाखवून मोठ्यानं बोलत विचार करायला लावलं होतं. अव्वल खेळाडू इतरांपेक्षा फार खोलवर मोजतात असं त्यातून निघालं नाही. त्यांना पटावर काय चाललंय ते आधी दिसतं, एवढंच. मी हे वाचलं होतं, शिकवण्यांत सांगितलंही होतं. पण सहाशे रेटिंगच्या माणसाला आधी दिसावं म्हणून काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते त्या घरात तीस-पस्तीस वर्षांपासून होतं.

आम्ही नियम ठरवला. समोरच्याची चाल झाली की हात मांडीवर. आधी चाल पुकारायची, कोणतं मोहरं, कोणत्या घरी. मग ते आता कशावर बघतंय ते. मग ते निघाल्यामुळे मागं काय उघडं पडलं ते. हे झाल्याशिवाय पटाला बोट लावायचं नाही, चाल कितीही साधी दिसो. स्पर्धेत पटावर असं बोलता येत नाही, तिथं मनात पुकारावं लागेल. घरात बसून ऑनलाइन खेळताना मोकळेपणानं बोला. दहा मिनिटांच्या डावात मात्र एवढं पुकारायला वेळ पुरणार नव्हता, म्हणून पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद जादा, असा डाव लावला.

या वेळी काका काळ्याकडून. दुसऱ्याच चालीला पांढरा वजीर बाहेर.

"वजीर एच-५. ई-५ चं प्यादं खाते." घोडा सी-६ वर आला.

"उंट सी-४. एफ-७ वर दोघं झाले, उंट अन् वजीर." मी श्वास धरला. जी-प्यादं एक घर पुढं. वजीर मागं एफ-३ वर. "परत एफ-७!" घोडा एफ-६ वर, मधे आडवा. चार चालींची मात चुकली. त्यांचा आवाज वाढत चालला होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "असाच ओरडायचा हा झोपेतही."

अठराव्या चालीला समोरच्यानं उंट विनाआधार सोडला. काकांनी आधी चाल पुकारली, मग "हा उंट कोणाचाच नाही" म्हणाले, आणि तेव्हा कुठं घेतला. मला ओरडावंसं वाटत होतं. मी ओढणीचं टोक मुठीत धरून बसले.

पुढं पांढऱ्याचा वजीर जी-३ वर येऊन बसला, बराच वेळ काकांच्या राजाकडे डोळे लावून. एकतिसाव्या चालीला तो तिथून उठला आणि त्याच ओळीत सरकत लांब सी-३ वर गेला. काकांनी सुस्कारा सोडला आणि हत्तीनं एक मोकळं प्यादं मारलं. वजिराच्या मागं बी-२ वर उंट होता. कर्ण मोकळा होता, कारण एफ-६ चा घोडा केव्हाच दुसरीकडे गेला होता. वजीर सी-३ वरून थेट जी-७. मात.

मी इंजिनाचं विश्लेषण उघडायला गेले. काकांनी हात आडवा केला.

"थांबा. मले सांगू द्या. एकतिसावी. वजीर दूर गेला म्हणून बरं वाटलं, अन् पुकारलो नाही."

मग मी विश्लेषण उघडलं. आलेखाची रेघ त्याच चालीवर खाली कोसळली होती. दोन महिन्यांत त्यांनी एकदाही स्वतःहून चूक दाखवली नव्हती. दर वेळी "कुठं चुकलो कोणास ठाऊक" असंच. मी अनेक मुलांना स्पर्धा जिंकताना पाहिलंय, पण हरलेल्या डावानंतर इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. डोळे भरून आले, आणि ते मी लपवलंही नाही.

निघताना आणखी एकच गोष्ट ठरवली. दोन डाव हरले की टॅब बंद. रात्री दोनला हरण्याच्या रागात मांडलेले डाव, काहीही शिकवत नाहीत.

आता माझ्या शिकवणीतली आठ-नऊ वर्षांची पोरंही पुकारतात. माझ्या इयरफोनमध्ये संध्याकाळभर "डबल यलो" चाललेलं असतं. काकांचं रेटिंग वर गेलंय, फार नाही. रोज सकाळी उठल्यावर त्यांचा मेसेज आलेला असतो, वेळ बहुतेक पहाटे तीनची. कालचा असा होता : "आज ३ डाव. २ जिंकलो. १ गेला, २२वी चाल, उंट मागं गेला, पुकारलो नाही."