झुबक्याची रात्र जांभळी झाली

मी लहान मुलांसाठी करत असलेल्या झोपेच्या चित्रपुस्तकाचा नायक म्हणजे झुबक्या. त्याच्या डमीचं (कच्च्या पुस्तकाचं) प्रूफ, म्हणजे तपासणीची छापील प्रत, आलं. शिंगं पुसणं, शेपटी विंचरणं, तीन रांगांतले दात घासणं ही पानं सुरेख उतरली आहेत. दातांवरचा फेस तर स्क्रीनपेक्षा कागदावर जास्त ओला वाटतो! पण दिवा मालवल्यानंतरचे दोन्ही स्प्रेड (समोरासमोरच्या पानांच्या जोड्या) वाया गेले. मूळ चित्रातली गर्द निळी रात्र चक्क वांग्याच्या रंगाची झाली आहे आणि त्यात झुबक्याचे नुसते डोळे उरलेत. ज्याला झोपवायचं, तोच पानावरून गायब.

मूळ चित्र अल्ट्रामरीन (गडद निळ्या) गुआशमधलं, म्हणजे अपारदर्शक जलरंगातलं. हा निळा सीएमवायकेच्या, म्हणजे सायन (आकाशी निळा), मजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा या छपाईच्या चार शायांच्या आवाक्यात पुरता येत नाही. रूपांतरात सायन १०० टक्के आणि मजेंटा ९०च्या आसपास गेला, आणि दोघं इतके जवळ आले की छापील निळा जांभळ्याकडे झुकतोच. दोघांत निदान ३० टक्क्यांचं अंतर ठेवावं हा ढोबळ नियम आहे, पण या कागदावर, या मशीनवर रेघ नेमकी कुठे ओढायची? म्हणून चौकटींचा तक्ता केला: सायन कायम १००, मजेंटा ४० ते १००, दहादहाने वाढता. तोच मॅपलिथो (लेप नसलेला छपाईचा कागद), तेच मशीन. ६०पर्यंत निळा, ७०ला शंका, ८०पासून सरळ जांभळा. कागद बदलला की हा तक्ता आधी छापून घ्या, असा माझा आग्रह आहे. छपाईवाल्याने 'स्क्रीनवर दिसतं तस्संच येईल' म्हटलं तरीही.

निळा सापडला, झुबक्या मात्र अजून हरवलेलाच. चित्र ग्रेस्केल (नुसत्या करड्या छटांत) केल्यावर कारण कळलं: त्याची लव आणि मागची भिंत एकाच करड्या छटेच्या. रंग वेगळे, उजळपणा तोच. त्यात मॅपलिथो शाई पितो, ठिपके पसरतात आणि गडद छटांमधला उरलासुरला फरकही बुजतो. भिंत दोन पायऱ्या उजळ केली आणि दाराच्या फटीतून येणारी पिवळी रेघ त्याच्या कानांवर, केसांच्या झुबक्यावर, शेपटीच्या टोकावर आणली. आता तो अंधारात आहे आणि दिसतोही आहे. ही पिवळी कड मला फार आवडली आहे.

मजकुराचा प्रश्न उरला होता. गडद निळ्यावर पांढरी अक्षरं ठेवली की चार रंगांची नोंदणी (एकावर एक नेमकं बसणं) जराशी सरकली तरी अनुस्वार बुजतो, वेलांटी तुटते. नुकतं वाचायला शिकलेल्या मुलासाठी हे चालणार नाही. फाँट जाड करून पाहिला, तर पान ओरडायला लागलं. झोपेच्या पानावर ते कसं चालेल?

हे लिहिता लिहिताच सुचतंय: गोधडी! शेवटच्या स्प्रेडवर ती आहेच. तिचा एक फिकट तुकडा मोठा करून मजकूर त्यावर घ्यायचा, निव्वळ काळ्या शाईत. मग नोंदणीची भानगडच मिटते. आणि मग ती शेवटीच का यावी? प्रत्येक कामाच्या पानावर एक तुकडा ठेवता येईल: शिंगांच्या पानावर पुसायच्या फडक्याचा, आंघोळीच्या पानावर पंचाचा. झुबक्या झोपायला जाईपर्यंत सगळे तुकडे जोडलेले. टाके खरेच घालून स्कॅन करीन. धावदोऱ्याची थोडी वाकडी रांग ब्रशने तशी येत नाही. म्हणजे आधीची पानंही पुन्हा उघडायची. चालेल.

एक आनंदाची गोष्ट राहिली. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराच्या भाषेचं सेटिंग हिंदीवरून मराठी केलं आणि या फाँटमध्ये सोय असल्याने मराठी वळणाचे पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप आले. 'शेपटी' आता शाळेत गिरवतात तशी दिसते.

३२ पानं कायम, मधली पिनही कायम. फक्त गोधडीचा पूर्ण स्प्रेड १६-१७ वर आणता येतो का पाहतेय, कारण पिन-बांधणीत तिथेच एक सलग कागद मिळतो. पण मग झोप पुस्तकाच्या मध्यावरच लागते, आणि उरलेल्या पानांत स्वप्न काढावं लागेल. स्वप्नाची थंबनेल्स (छोटी कच्ची चित्रं) आज सुरू करते.