कंस गेला

"भाऊ, कंस काऊन नाही येऊन राहिला?"

तहसीलबाहेर प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणाऱ्या काकांचा फोन, ऐन गर्दीच्या वेळी. आदल्या रात्री त्यांच्या पीसीवर मी विंडोज काढून लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चढवली होती. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्यांचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर विंडोज ११ ला अधिकृतपणे चालत नाही. प्रिंटरने रात्री दोनपर्यंत रडवलं, पण पान निघालं. फायली उघडल्या तर सगळी इंग्रजी अक्षरं! त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. काकांचा फॉन्ट कृतिदेव, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी घेतलेलं मराठीचं सोंग. 'भारत' आतून एच-के-के-जे-आर असतो. फॉन्ट टाकला, मराठी दिसली, मी खुशीत झोपलो.

कंस डोक्यातच आला नाही. कृतिदेवमध्ये बंद कंसाच्या बटणावर 'द्ध' बसलेला. त्यामुळे आल्ट दाबून नंबरपॅडवर ०१८८ मारलं की कंस उघडतो, ०१८९ ने मिटतो. खरं तर ती पाव आणि अर्ध्याची चिन्हं, कृतिदेव त्यांच्या जागी कंस दाखवतो. पण आल्टचा हा खेळ विंडोजचा, लिनक्सच्या गावी नाही.

गेलो तर टेबलासमोर पाच माणसं कागद धरून उभी. उजवा आल्ट 'कंपोझ' करून दिला, म्हणजे पुढची दोन बटणं जोडून एक चिन्ह काढणारं बटण. तो दाबायचा, मग १, ४ : कंस उघडा. १, २ : बंद. पाव, अर्धा, लक्षात ठेवायलाही सोपं! काकांनी मान डोलावली, 'रुपये ५०,०००' टाइप केलं आणि 'अक्षरी'च्या आधी डावा अंगठा आल्टवर, उजवा हात नंबरपॅडवर. ०-१-८-८. काही नाही. पुन्हा तेच. अठरा वर्षांची बोटं ती.

आमच्या लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर ठासून सांगतात, आता लिनक्स आजीलाही जमतं. जमेल की, आजीला कुठे कंस लागतो! रांगेतल्या लोकांपुढे एकेक बटण शोधायची वेळ आमच्यापैकी कोणावर आलेली नाही. माझ्यावरही नाही.

"विंडोज परत टाकून देऊ का?" मी विचारलं.

"राहू दे. लवकर सुरू होऊन राहिला ना हा."

त्यांनी कंसाची जागा मोकळी सोडून प्रिंट काढली, खिशातलं पेन काढलं आणि 'अक्षरी पन्नास हजार'च्या दोन्ही बाजूंना हातानेच कंस ओढले. पुढच्याचा कागद घेतला.